नळीचं अस्तर

देवस्थळी सरांनी चिमट्यानं ते कडं उचललं, खिडकीच्या उजेडात धरून एकदा पाहिलं आणि टेबलाखालच्या बादलीत टाकून दिलं.

“शिळं आहे,” ते म्हणाले.

कडं म्हणजे काही दागिना नव्हे. बोकडाच्या हृदयातून निघून पाठीच्या कण्याला चिकटून खाली जाणारी जी रक्ताची जाड पांढरी नळी असते, तिचा तांदळाच्या दाण्याएवढा रुंद काप. फार्मसी कॉलेजच्या त्या लांबलचक प्रयोगशाळेत, दारापाशी एका उंच स्टुलावर, रिकामा थर्मास मांडीवर घेऊन मी बसले होते. आणि ते जे ‘शिळं’ बादलीत गेलं, ते पहाटे साडेपाचपर्यंत एका जित्याजागत्या बोकडाच्या पोटात रक्त वाहत होतं. माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं काढलेलं, थंडगार मिठाच्या पाण्यात बुडवलेलं, आणि मी सायकलवरून, एकही खड्डा न घेता आणलेलं.

“शिळं नाहीये, सर,” मी म्हणाले.

आज मी अकरावीत आहे आणि वर्गात फार बोलते म्हणून आठवड्यातून दोनदा बाहेर उभी असते. पण ही गोष्ट नववीतली. तेव्हाची मी म्हणजे शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या कामापुढे नुसतं ‘व्यवसाय’ लिहिणारी मुलगी. कोणता व्यवसाय, असं बाईंनी विचारलं तर ‘दुकान आहे’ म्हणायचं, आणि कसलं दुकान असं विचारायच्या आत खाली बसायचं. त्यामुळे ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं की कुणी मागून बोललं, हे बघायला मीच आधी मान वळवली होती.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ऋजुताताईला विचारलं, ही कोण. पाच महिने मी दर बुधवारी आणि शुक्रवारी त्या प्रयोगशाळेत येत होते. ऋजुताताईनं खालच्या आवाजात सांगितलं की ही कोथमिरेंची हर्षदा, नळी हीच आणून देते.

“अच्छा. मग घरी सांग,” सर म्हणाले, “रात्रीचा माल सकाळी ताजा म्हणून गिऱ्हाइकाला खपत असेल, इथं खपत नाही. हे यंत्र खोटं बोलत नाही.”

टेबलाशी दोन विद्यार्थी होते, दाराशी कॉलेजचे शिपाई यादवमामा होते. सगळ्यांनी ऐकलं.

यंत्र खोटं बोलत नाही हे मलाही ठाऊक होतं. ऋजुताताई तिथं एम. फार्म. करत होती आणि झाडाच्या सालीचा एक अर्क रक्तवाहिनी सैल करतो का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी ती नळीचं कडं दोन बारीक आकड्यांत अडकवून कोमट पाण्याच्या काचेच्या नळकांड्यात टांगायची. पाण्यात बुडबुडे सोडलेले असायचे, म्हणजे नळीला वाटावं आपण अजून बोकडातच आहोत. वरचा आकडा यंत्राला जोडलेला. कडं आवळलं की सरकत्या कागदावरचं शाईचं पेन वर चढायचं, सैल पडलं की खाली उतरायचं. स्वतःचा अर्क घालण्याआधी ताईला दरवेळी नळीची परीक्षा घ्यावी लागायची. पहिलं औषध घातलं की नळी आवळली पाहिजे. दुसरं घातलं की सुटली पाहिजे. दोन्ही झालं तरच ती नळी पुढच्या कामाची.

गेले पाच आठवडे नळ्या आवळत होत्या, पण सुटत नव्हत्या. पेन टेकडी चढायचं आणि तिथंच मुक्काम ठोकायचं. ताईनं औषधाची बाटली बदलली, मिठाचं पाणी नव्यानं बनवलं, यंत्र दुरुस्तीवाल्याला दाखवलं. शेवटी त्या बुधवारी सर स्वतः बघायला आले.

“पण सर, ती आवळली,” मी पुन्हा बोलले. एकदा तोंड उघडलं की बंद करणं जड जातं, हा शोध मला त्याच दिवशी लागला. “एवढी जोरात आवळली. शिळी असती तर हललीच नसती ना?”

सरांना ह्या प्रश्नाचा राग आला नाही. उलट वर्गात शिकवावं तसं त्यांनी सांगितलं की आवळतो तो नळीचा स्नायू, आणि स्नायू चिवट असतो. पण दुसऱ्या औषधाचं ऐकतं ते नळीच्या आतलं अस्तर. ते नाजूक असतं, सगळ्यात आधी मरतं. नळी आवळते पण सुटत नाही, ह्याचा अर्थ अस्तर मेलेलं आहे. म्हणजेच माल जुना आहे. मग ते ताईकडे वळले आणि म्हणाले की पुढच्या आठवड्यापासून सांगलीहून नळ्या मागवू, ह्यांना कळवून टाक.

मी थर्मास उचलला आणि निघाले.

आमचं दुकान कराडात मंडईच्या मागच्या बाजूला आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बावीस वर्षं तिथं बसत होते. नगरपालिकेच्या कत्तलखान्यातून पहाटे मांडीवर जांभळा शिक्का मारून बोकड येतो आणि दुपारी एकपर्यंत ओटा रिकामा झालेला असतो. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी विकायचं नाही, घरात शिजवायचं नाहीतर वाटून टाकायचं, हा आप्पांचा नियम. आई वजडी, म्हणजे बोकडाचं पोट नि आतडी, धुते ती चुना आणि कडकडीत पाण्यानं, उलटीसुलटी करून, रुमालासारखी पांढरी होईपर्यंत. आमच्याकडची वजडी पाहुण्याला न सांगता वाढता येते असं बायका म्हणतात. ताजं आणि स्वच्छ, ह्या दोन शब्दांवर आमचं घर उभं आहे.

मी आप्पांना सांगितलं. गाळूनसाळून सांगायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

“शिळं म्हणाला?” आप्पांनी विचारलं.

“हो.”

ते सत्तूर पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो उलटा करून पुन्हा पुसला. जेवताना पुन्हा विचारलं, शिळंच म्हणाला न्हवं? आई म्हणाली, जाऊ द्या, फेकायची वस्तू फुकटात देत होतो, तीबी नको म्हणत असतील तर कुत्र्यांना घालू. आप्पांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला.

नगरपालिकेचा शिक्का मांडीवर असतो. नळीवर शिक्का कोण मारणार?

गुरुवारी गिऱ्हाईक तसंही कमी असतं. सकाळी आठच्या सुमाराला डबा घेऊन मानेबाई आल्या. ह्या बाई आप्पांकडून मटण नेतात तेव्हा ओट्याकडे बघतसुद्धा नाहीत, शेजारच्या कुणाशीतरी बोलत उभ्या राहतात आणि डबा भरला की जातात. त्या दिवशी त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, पण हात काढला नाही.

“कोथमिरे,” त्या म्हणाल्या, “आजचंच हाय न्हवं?”

यादवमामा त्यांच्याच गल्लीत राहायचे.

आप्पांनी बोकडाची मांडी फिरवून शिक्का त्यांच्यापुढे केला. मानेबाई ओशाळल्या, तसं न्हाई हो, आपलं विचारलं, म्हणाल्या. बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्या गेल्यावर आप्पा मांडी तशीच धरून उभे राहिले, आणि पुढचा माणूस आला तेव्हा त्यानं न विचारताच त्यांनी शिक्का त्यालाही दाखवला.

ते मला बघवलं नाही. मी सायकल काढली आणि हातात काही नसताना कॉलेजात गेले.

ऋजुताताई एकटीच होती, जुन्या कागदाच्या पट्ट्या जमिनीवर पसरून त्यांच्यामध्ये बसलेली. तिला मार्चमध्ये थिसिस द्यायची होती. मला बघून ती उठायला लागली, बहुधा सांत्वन करायला, पण मी तिला तसा वेळच दिला नाही. म्हटलं, ताई, मला ते अस्तर काय असतं ते नीट सांग. सगळं सांग.

ताई चांगली शिकवायची. तिनं एका पट्टीच्या मागच्या बाजूवर नळीचं तोंड काढलं. बाहेर जाड स्नायू, आणि अगदी आत एकाला एक चिकटलेल्या चपट्या पेशींचा एकच थर. कांद्याच्या दोन पाकळ्यांत पापुद्रा असतो ना, त्याहून कितीतरी पातळ. पूर्वी लोकांना वाटायचं की हा थर म्हणजे नुसता गिलावा, रक्त सुरळीत वाहावं म्हणून. पण निघालं भलतंच. नळी सदानकदा थोडीफार आवळलेलीच असते, आणि किती आवळून राहायचं, किती सोडायचं, हे तो थर सांगतो. रक्तातून निरोप येतो तो अस्तराकडे. अस्तर एक वायू तयार करतं, काही सेकंदच टिकणारा, आणि तो मागच्या स्नायूत शिरून त्याला सांगतो, सोड.

“आणि अस्तर नसेल तर?”

“तर निरोप घ्यायला कुणीच नाही. आपलं दुसरं औषध असतं ना, ते स्नायूला सरळ लागलं तर उलट थोडी आणखीच आवळते नळी.”

मी पट्ट्यांकडे बघितलं. खरंच होतं. टेकडी चढून पेन नुसतं थांबलं नव्हतं, दुसऱ्या औषधानंतर प्रत्येक पट्टीवर ते केसभर आणखी वर गेलं होतं.

मग मी विचारलं की हे अस्तर जातं कशानं. ताईनं बोटं मोजली. उशीर झाला तर जातं. पाणी गरम झालं तर. नळी ताणली तर.

“आणि घासलं तर,” ती म्हणाली. “कधी कधी अस्तराशिवाय नळी कशी वागते ते बघायचं असतं, तेव्हा आम्ही मुद्दाम आतून काडी फिरवतो. दोनदा फिरवली की खलास.”

मी तिथंच, त्या पट्ट्यांच्या मध्ये, बसून राहिले. ताईनं विचारलं काय झालं, मी काही नाही म्हटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतका वेळ सांगितली नाही. सुरुवातीच्या नळ्या झकास चालत होत्या. पेन चढायचं आणि घसरगुंडीवरून पोर यावं तसं खाली यायचं, आणि ताई टाळ्या वाजवायची. मग गणपतीनंतरच्या एका शुक्रवारी मी टेबलावर थर्मास उघडला तेव्हा देवस्थळी सर तिथून चालले होते. नळीत रक्ताची गाठ राहिली होती, पाणी लालसर झालं होतं. सरांनी खिशातला रुमाल नाकाला लावला. माझ्याशी नाही, हवेशी बोलल्यासारखं म्हणाले, “ही घाण अशीच्या अशी आणतात? ह्यांना सांगा, हे कॉलेज आहे, खाटकाचा ओटा नव्हे.”

मी ते घरी जाऊन शब्दन् शब्द सांगितलं होतं. रडत सांगितलं होतं. पुढच्या बुधवारपासून आप्पांनी नळी काढली की बांबूच्या काडीला मलमलचं ओलं फडकं गुंडाळायचं, ते नळीतून आरपार ओढायचं, फडकं धुवायचं, पुन्हा ओढायचं. तीनदा, चारदा. नळी आतून मोगऱ्यासारखी पांढरी निघेपर्यंत. आईच्या वजडीलासुद्धा त्यांनी कधी एवढी माया लावली नसेल. पहिल्यांदा तशी नळी नेली तेव्हा ताई म्हणाली होती, किती सुंदर साफ करून दिलीय गं तुझ्या बाबांनी. तेही मी घरी सांगितलं होतं. आप्पा त्या दिवशी जेवताना खुशीत होते.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट ही.

कॉलेजच्या फाटकापासून मंडईपर्यंत मी सायकल हातात धरून चालत गेले. बोलले नाही तर आप्पा शिळं विकणारे ठरतात. बोलले तर नळी आप्पांनीच खराब केली असं ठरतं. सर म्हणणार, बघा, अडाणी माणसाच्या हातात दिलं की असं होतं. दोन्हीकडून बोट आप्पांकडेच. मंडई ओलांडून तशीच कृष्णेच्या पुलापर्यंत गेले, तोवर मला रडू येत होतं, आणि पुलावरून परत फिरले तेव्हा येत होता तो निव्वळ राग. म्हटलं, ह्या गोष्टीला तिसरी बाजू आहे, आणि ती कागदावर शाईनं उतरल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही.

शुक्रवारी पहाटे आप्पांनी सवयीनं नळी काढली. कॉलेजचा निरोप पुढच्या आठवड्यापासूनचा होता, आणि कबूल केलेला शुक्रवार बुडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी काडीला फडकं गुंडाळलं तेवढ्यात मी म्हटलं, आप्पा, मधून कापा. अर्धी पुसा, अर्धी तशीच द्या.

“तशीच म्हंजी?”

“न पुसता. ताईला दोन्ही बघायच्यात.”

हे मी खोटं बोलले. ताईला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

“तसलं रक्ताळलेलं घिऊन जाणार? परत?” आप्पांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी नळी कापली, अर्धी चार वेळा पुसली, आणि दुसरी अर्धी देताना तोंड दुसरीकडे केलं, जसं काही पोराला आंघोळ न घालता लग्नाला पाठवायला लागत होतं. दोन बाटल्या, दोन चिठ्ठ्या, एक थर्मास. पाऊण तासात मी कॉलेजात.

ताईला मी एवढंच म्हटलं की दोन नळकांडी शेजारी शेजारी लाव, दोन्हींत एकेक टांग, आणि का ते आत्ता विचारू नकोस. तिनं बाटल्यांकडे पाहिलं, रक्ताळलेल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला निम्मं तिथंच कळलं असावं, कारण ती एक अक्षर न बोलता कामाला लागली. रक्ताळलेली नळी तिनं पाण्यात नुसती हलवून गाठ सोडवली, आत काही घातलं नाही, आणि ती डावीकडे टांगली; पुसलेली उजवीकडे. नऊला सर आले. बरोबर तेच दोघे विद्यार्थी. यादवमामा काहीतरी सही घ्यायला आले होते ते थांबले.

सर म्हणाले, अजून तोच माल? ताई म्हणाली, सर, एकदाच बघा.

पहिलं औषध. दोन्ही पेनं चढली, शेजारी शेजारी, जुळ्या टेकड्या. सरांनी घड्याळ पाहिलं.

दुसरं औषध. मी स्टुलावर ताठ बसले होते. उजवं पेन जागेवर राहिलं आणि मग केसभर वर सरकलं. डावं पेन थरथरलं. उतरायला लागलं. उतरलं, उतरलं, निम्म्यावर आलं, त्याच्याही खाली आलं, आणि ताईच्या घशातून एक आवाज निघाला तो तिनं हातानं दाबला.

“डावा बोकड ताजा,” सर म्हणाले. “उजवा कालचा. माझं म्हणणं हेच होतं.”

“एकच बोकड आहे, सर,” मी म्हणाले. “एकच नळी. पहाटे साडेपाचला निघालेली, मधून कापलेली. दोन्ही एकाच थर्मासमधून आल्या.”

ताईनं स्वतःहून तिसरी बाटली उघडली. तिनं नंतर मला समजावलं की ते औषध अस्तराला विचारत बसत नाही, वायू थेट स्नायूत सोडतं. ते उजव्या नळकांड्यात पडलं आणि पाच आठवडे हटून बसलेलं पेन भराभर खाली आलं. नळी मेलेली नव्हती. तिला सुटता येत होतं. सांगणारंच कुणी उरलं नव्हतं.

देवस्थळी सर हुशार माणूस, हे मी कबूल करते. त्यांनी उजवं कडं काढलं, भिंगाखाली धरलं, आतून बाहेरून फिरवलं.

“अस्तर घासलंय,” ते म्हणाले. “कोणी घासलं?”

“आप्पांनी. माझ्या वडिलांनी.”

“का?” ते वैतागून म्हणाले. “कुणी सांगितलं होतं त्यांना? नळी आतून पुसायची असते का कधी? पाच आठवडे ह्या मुलीचं काम...”

“तुम्ही सांगितलं होतं, सर.”

मी स्टुलावरून उतरले, कारण बसून बोलणं बरं दिसलं नसतं, आणि जसं घरी सांगितलं होतं तसंच शब्दन् शब्द त्यांना परत सांगितलं. रुमाल, घाण, कॉलेज आहे, खाटकाचा ओटा नव्हे. “तुम्हाला घाण वाटली म्हणून त्यांनी पुसली. चार चार वेळा पुसली. आमच्याकडे एवढं स्वच्छ करून पाहुण्यालाच देतात. आणि मग तुम्ही शिळं म्हणालात.”

सर म्हणाले, मला कल्पना नव्हती. मग म्हणाले, ठीक आहे, गैरसमज झाला, ऋजुता एक पत्र तयार करेल, मी सही करतो, वडिलांना दे.

“पत्र नको, सर.”

“मग?”

“तुम्ही शिळं म्हणालात ते बोलून म्हणालात, चौघांत. ते मंडईपर्यंत गेलं. आता गिऱ्हाईक विचारतंय, आणि आप्पा न विचारणाऱ्यालासुद्धा शिक्का दाखवतायत.” मी यादवमामांकडे बघितलं, ते फाईलकडे बघत होते. “ताजं होतं, हेही बोलून सांगा. चौघांत. आमचं दुकान रविवारी सातला उघडतं.”

ताईनं मागून माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला. त्याचा वळ दोन दिवस होता. सर निघून गेले. ताई म्हणाली, हर्षदा, तू माझी थिसिस आणि तुझं डोकं दोन्ही घालवणार, आणि मग खाली बसून तोंडाला ओढणी लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

घरी मी ह्यातलं काहीच सांगितलं नाही. आले नाहीत तर काय, हा प्रश्न होता. आले तर काय, हा त्याहून मोठा होता, कारण मग पुसण्याचंही आप्पांना कळणार होतं.

रविवारी मी मुद्दाम दुकानात बसले, पिशव्या द्यायला. साडेआठला तोबा गर्दी असते. सव्वाआठला रस्त्याच्या पलीकडे पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस येऊन उभा राहिला. रुमाल हातात होता, नाकाला नव्हता. मग त्यांनी रस्ता ओलांडला आणि गर्दीच्या बाजूनं सरळ ओट्यापाशी आले. आप्पांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

“सायेब, रांग हाय,” आप्पा मान वर न करता म्हणाले. “तुमच्या आधी नऊ जणं हायेत.”

सर माझ्याकडे बघून मागं जाऊन उभे राहिले. त्यांच्यापुढे मानेबाई होत्या. वीस मिनिटं ते तिथं उभे होते. सत्तूर पडत होता, हाडाचे बारीक कण उडत होते, डोक्यावर बोकड लटकत होते, आणि सर आपले बूट कुठं ठेवावे ते बघत एकेक पाऊल पुढं येत होते. मी त्यांना खुर्ची देऊ शकले असते. दिली नाही.

त्यांची पाळी आली. आप्पांनी विचारलं, किती देऊ?

“काही नको. मी घेत नाही,” सर म्हणाले. “मी देवस्थळी. फार्मसी कॉलेज.”

आप्पांचा सत्तूर लाकडावर टेकला. मानेबाई डबा घेऊन निघाल्या होत्या त्या थांबल्या. सर काहीतरी बोलले, पण शेजारच्या कोंबडीवाल्याकडे एवढा कलकलाट होता की ते माझ्यापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

“मोठ्यानं सांगा, सर,” मी म्हणाले.

आईनं आतून माझ्या नावानं हाक मारली, दटावणीची. पण सरांनी घसा साफ केला, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा असा त्यांचा आवाज आहे, त्या आवाजात म्हणाले, “तुमचा माल ताजा होता, कोथमिरे. प्रत्येक वेळी ताजा होता. मी शिळा म्हणालो ते चुकीचं होतं. ते मी तपासायला हवं होतं.”

रांगेत कुणीतरी कुणाला तरी विचारलं काय झालं, आणि कुणीतरी सांगितलं. आप्पांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“ताजा हुता,” ते सावकाश म्हणाले, “मग नळी सुटत का न्हवती?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते सांगू शकले असते, त्यांनी ते माझ्यावर सोडलं. मग मीच सांगितलं. नळीला आतून अस्तर असतं, आप्पा. दिसत नाही इतकं पातळ. नळी आवळायची की सोडायची हे तेच सांगतं. ते फडक्यानं निघून जायचं.

“म्हंजी म्या साफ करत हुतो, त्येनं बिघडत हुतं.”

“हो.”

आप्पांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, बाजूला ठेवलं.

“आन साफ का करत हुतो,” त्यांनी मला विचारलं, “त्ये सांगितलंस सरास्नी?”

“सांगितलं.”

“सगळ्यांपुढं?”

“सगळ्यांपुढं.”

त्यांनी मान डोलावली. एकदाच. आजवर मला बक्षिसं मिळाली आहेत, गेल्या वर्षी तर व्यासपीठावर जाऊन ढाल घेतली, पण त्या मान डोलावण्याएवढं मला अजून कुणी काही दिलेलं नाही. मग आप्पा सरांकडे वळले.

“बुधवारी न पुसता धाडतो,” ते म्हणाले. “वास यील.”

“येऊ दे,” सर म्हणाले.

“रगात दिसंल.”

“दिसू दे, कोथमिरे.”

सर निघाले. रांगेतल्या लोकांनी त्यांना बाजूला होऊन वाट दिली. आप्पांनी वरून नवी मांडी उतरवली, लाकडावर टाकली. शिक्का खालच्या बाजूला गेला होता. त्यांनी तो वर केला नाही.

“हं,” आप्पा म्हणाले. “पुढं कोण हाय?”